गाडी कुणाच्या नावावर

आमच्या घरातली स्कुटी २०११ सालची आहे. आता तिच्यावर आई भाजी आणायला जाते आणि मी कधीतरी चौकापर्यंत चक्कर मारतो, एवढंच तिचं आयुष्य उरलंय. एप्रिल २०१९च्या आधी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवायची सक्ती आली आणि २०२५ मध्ये तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली, तेव्हा पप्पांनी ते काम माझ्या गळ्यात टाकलं. "तू कम्प्युटरवाला आहेस, तूच भर ते."

दुचाकीच्या प्लेटचे साडेचारशे रुपये आणि वर जीएसटी, एवढाच व्यवहार. पण ऑनलाइन अर्जात चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे लागतात. त्यासाठी आरसी पाहिजे आणि आरसीसाठी पप्पांची फाइल. वाळूजच्या कंपनीत तीस वर्षं सुपरवायझर राहिलेल्या माणसाची फाइल. प्रत्येक कागद वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये, वर स्केचपेननं नाव. घरपट्टी. गॅस. एलआयसी. स्कुटी.

त्या दिवशी दोन गोष्टी माझ्या हाती लागल्या. पहिली पप्पांच्या मोबाइलमध्ये. ओटीपी शोधताना मेसेज वर सरकवत गेलो आणि ई-चलनांची रांगच दिसली. गेल्या पाच वर्षांत आमच्या दोन गाड्यांवर मिळून अकरा चलनं निघाली होती. हेल्मेट नाही, पाचशे. झेब्रा क्रॉसिंगवर गाडी, पाचशे. कारनं पुण्याच्या रस्त्यावर वेगमर्यादा ओलांडली, दोन हजार. लिंक उघडली की फोटो येतो. अकराही फोटोंमध्ये मीच होतो. आकाशवाणी चौकात पाठमोरा मी, ऑफिसची निळी सॅक, डोकं उघडं. क्रांती चौकात पुढचं चाक पट्ट्यावर टेकवून उभा मी. दोन्ही गाड्या पप्पांच्या नावावर, म्हणून मेसेज त्यांना. सात चलनं त्यांनी भरून टाकली होती आणि मला एका शब्दानं बोलले नव्हते. उरलेली चार लोकअदालतीत कमी करून मिळतात का, याची वाट बघत होते.

दुसरी गोष्ट स्कुटीच्याच प्लॅस्टिकमध्ये, आरसी, विमा आणि जुन्या पीयूसींच्या मागे होती. शंभराचा बाँड, डिसेंबर २०१३चा. त्यावर टाइप केलेला मजकूर होता. त्यातलं एक वाक्य मी उभ्यानं तीनदा वाचलं: "मी स्वतः सदर दुचाकी चालवत असताना रस्त्यावर अंधार असल्याने सायकलस्वार न दिसल्यामुळे अपघात झाला." खाली पप्पांची सही.

त्या संध्याकाळी गाडी मी चालवत होतो.

*

मी सोळा वर्षांचा होतो, अकरावीत. औरंगाबादेत (तेव्हा औरंगाबादच होतं, नाव बदललं, एमएच २० तेच राहिलं) अकरावीच्या पोराला स्कुटी देणं हा गुन्हा आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. कॉलेज एकीकडे, फिजिक्सचा क्लास दुसरीकडे, मॅथ्सचा तिसरीकडे. सिटी बस नावापुरती. रिक्षावाला दहा जण कोंबणार. दहावीचा निकाल लागला की पेढे, आणि पेढ्यांच्या मागोमाग गाडी. क्लासच्या बाहेर शंभर-सव्वाशे दुचाक्या लागायच्या आणि त्यांतल्या लायसन्सवाल्यांना मोजायला एका हाताची बोटं पुरली असती.

कायद्यानं सोळाव्या वर्षी गाडी चालवता येते, असं आम्ही एकमेकांना ठासून सांगायचो. ते अर्धं खरं होतं. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीची सवलत आहे. ती लुनाच्या जमान्यातली अट. आमची स्कुटी पेप ८७.८ सीसीची होती आणि मित्राची अ‍ॅक्टिव्हा तिच्याहून मोठी. कायद्याला मान्य असलेली गाडी आमच्या कुणाकडेच नव्हती, आणि कायद्याला मान्य असलेलं लायसन्सही.

पोलिसांची भीती होती, पण ती भूगोलासारखी पाठ केलेली. सेव्हन हिल्सला ते पुलाखाली असतात. मोंढा नाक्याला सकाळी असतात. जालना रोडवर दिसले की आतल्या गल्लीतून समर्थनगर गाठायचं. सापडलंच तर "सर, क्लासला उशीर होतोय" म्हणायचं. तेव्हाचे दंडही तसेच होते. साध्या उल्लंघनाला पहिल्यांदा १०० रुपये. विनालायसन्स चालवलं तर ५०० रुपयांपर्यंत, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. ज्यानं गाडी दिली त्याला १,००० पर्यंत. कैद झालेला आमच्या ओळखीत कुणी नव्हता. १०० रुपयांची पावती फाडण्याऐवजी ५० रुपयांत मिटवलेले पुष्कळ होते. सोळाव्या वर्षी मी कायदा शिकलो तो एवढाच: रक्कम ठरते, बोलून कमी होते आणि दिली की विषय संपतो.

*

गारखेडा भागात, सूतगिरणी चौकातून आत जाणारा एक रस्ता तेव्हा खणलेला होता. दिवे होते, लागत नव्हते. रात्रीचे साडेआठ. क्लास सुटला होता. मी पुढे, मित्र अ‍ॅक्टिव्हावर मागे. शर्यत वगैरे काही ठरलेलं नव्हतं. पण तो मागे होता आणि मला तो मागेच राहायला हवा होता.

समोरून एक सायकल येत होती. चालवणारे पन्नाशीचे एक काका. चिकलठाण्याच्या एका कंपनीत रात्रपाळीला वॉचमन होते, हे नंतर कळलं. सायकलला दिवा नव्हता, म्हणून हँडलबरोबर त्यांनी बॅटरी धरली होती, पेटवलेली.

बाँडवर लिहिलंय की अंधारामुळे सायकलस्वार दिसला नाही. बॅटरीचा उजेड मला दिसला होता. पिवळट, हलणारा, खड्डा चुकवत माझ्या बाजूला आलेला. तो सरकेल असं मला वाटलं. आणि त्याच क्षणी मित्र किती मागे आहे हे बघायला मी मान वळवली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. सायकल आडवी, काका तिच्या पलीकडे. मी उठून उभा राहिलो, माझं कोपर खरचटलं होतं, बस. काका ओरडलेही नाहीत. "पाय उचलंना," एवढंच म्हणाले, दोनदा. बॅटरी गडगडत खणलेल्या मातीपाशी जाऊन पडली होती आणि तशीच चालू होती.

मित्रानं पप्पांना फोन केला. पप्पा शेजारच्या काकांना घेऊन दहा मिनिटांत आले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सायकलवाल्या काकांकडे. मित्राला म्हणाले, "याला घरी घेऊन जा." मी घरी गेलो. आईनं हळदीचं दूध दिलं.

मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, रॉड टाकला. दवाखान्याचा सगळा खर्च पप्पांनी दिला, पतसंस्थेतून कर्ज काढून. वर वीस हजार रोख. मला एवढंच सांगितलं गेलं, "मिटलंय. तू अभ्यास कर." मी अभ्यास केला. परीक्षेत बरे मार्क पडले, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, नोकरी लागली. त्या काकांना मी एकदाही भेटायला गेलो नाही. 'मिटलं' म्हणजे काय मिटलं, हे विचारलं नाही.

*

२०१६च्या फेब्रुवारीत शहरात हेल्मेटसक्ती आली, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. चौकाचौकात पोलीस उभे. काही आठवडे औरंगाबाद ओळखू येत नव्हतं, जालना रोडवर नुसती गोल डोकी. मग हेल्मेट डोक्यावरून हँडलवर आलं, हँडलवरून डिकीत आणि डिकीतून माळ्यावर गेलं. त्याच वर्षी तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली आणि ओरड झाल्यावर ती मागेही घेतली गेली.

पुढे केंद्रानं कायदाच बदलला. सुधारित मोटार वाहन कायद्यातले वाढीव दंड १ सप्टेंबर २०१९पासून लागू झाले. विनालायसन्सचे ५०० होते ते ५,००० झाले. दारू पिऊन चालवलं तर १०,००० दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर १०,०००. महाराष्ट्रात तेव्हा विधानसभा निवडणूक तोंडावर होती. राज्यानं दंडांचा फेरविचार करा असं केंद्राला कळवलं, आणि नवे दर आपल्याकडे प्रत्यक्षात आले ते डिसेंबर २०२१ मध्ये. मधली दोन वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद फिरत होते, की गाडीच्या किमतीपेक्षा दंड जास्त, तर गाडी पोलिसांनाच देऊन या. मीही ते पुढे पाठवले.

त्या दुरुस्तीतलं एक कलम मी बाँड सापडल्यानंतर पहिल्यांदा नीट वाचलं. १९९अ. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मला माहीत नव्हतं किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकानं सिद्ध करायचं. न्यायालय धरून चालणार की त्याची संमती होती.

मी हिशेब मांडला. हे कलम २०१३ साली असतं तर मला २०२२पर्यंत लायसन्स मिळालं नसतं. पप्पांची नोकरी बहुधा गेली असती. स्कुटी वर्षभर जिन्याखाली उभी राहिली असती. हे वाचताना पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. ते तसं वाटणंच मला खटकलं, आणि मग हा लेख लिहायला घेतला.

*

त्याआधी पुण्यातली ती घटना. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलानं चालवलेल्या पोर्शे गाडीनं एका दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरचे दोघंही गेले. दोघंही चोवीस वर्षांचे, दोघंही माझ्याच धंद्यातले, सॉफ्टवेअरमधले. काही तासांत मुलाला जामीन मिळाला. अटींमध्ये एक होती अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. देशभर संताप झाला, त्या आदेशाचा फेरविचार झाला. नंतर बाहेर आलं, की त्या गाडीची कायमची नोंदणीच झालेली नव्हती. १,७५८ रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. कोट्यवधींची गाडी रस्त्यावर होती आणि तिला नंबरच नव्हता. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. घरच्या ड्रायव्हरनं 'गाडी मीच चालवत होतो' असं सांगावं म्हणून त्याला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून मुलाच्या वडिलांवर आणि आजोबांवर गुन्हा दाखल झाला.

त्या दिवसांत आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. मीही लांबलचक लिहिलं होतं. पैशानं कायदा विकत घेतात, गरिबाला अंगावर घ्यायला लावतात, वगैरे. शेवटी विचारलं होतं, "कुठला बाप असं करू शकतो?" तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्याच्यानंतर वर्षभरानं मी शंभराचा बाँड हातात धरून उभा होतो. गुन्हा अंगावर घ्यायला आमच्याकडे ड्रायव्हर नव्हता. पप्पा होते.

मला ठाऊक आहे, दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. तिथे दोन जीव गेले, इथे एक पाय. तिथे आरोप दुसऱ्याला दमदाटी केल्याचा, इथे माणसानं स्वतःहून सही केली. तरी दोन्हीकडे गाडी कोण चालवत होतं या एकाच प्रश्नाचं उत्तर बदलायचं होतं.

*

बाँडमधला 'अंधार' मला अनेक दिवस छळत राहिला, कारण तो खोटा नव्हता. रस्ता खणलेला होता, दिवे बंद होते. मग दोष कुणाचा? २०१९च्या दुरुस्तीत याचंही कलम आहे. १९८अ: रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणेला, कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. आणि २१०ब: ज्याच्याकडे कायद्याच्या अंमलबजावणीचं काम आहे त्यानंच गुन्हा केला तर दंड दुप्पट. खणलेल्या रस्त्यावर पडून हात मोडलेले लोक माझ्या ओळखीत बरेच आहेत. १९८अ हा आकडा त्यांतल्या एकानंही ऐकलेला नव्हता.

आमच्याच जिल्ह्यात, १५ ऑक्टोबर २०२३च्या मध्यरात्रीनंतर, समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एक मिनी बस ट्रकवर मागून आदळली. सैलानीबाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणारे बारा जण गेले. बसमध्ये क्षमतेहून जास्त माणसं होती. आणि त्या ट्रकला महामार्गावर थांबवलं होतं ते आरटीओच्या तपासणी पथकानं, असं पुढे आलं. ट्रकचालकाबरोबर दोन अधिकाऱ्यांनाही अटक झाली. नियम मोडणाऱ्याला थांबवणंच कुणाच्या तरी मरणाचं कारण झालं, असा आरोप होता. न्यायालय काय ते ठरवेल. मला त्या बातमीतलं वेगळंच काही खुपलं होतं. बस, ट्रक, पथक, रस्ता असे चार दुवे, आणि चहाच्या टपरीवर प्रत्येक जण आपापल्या सोयीचा एक दुवा उचलून बाकीचे तीन सोडून देत होता. बाँडवरचा 'अंधार' असाच उचललेला आहे. रस्ता त्या रात्री दोषी होताच. पण उजेड मला दिसला होता.

*

आमच्या कामात एखादी गडबड झाली की आधी लॉग बघतात: कुठल्या खात्यातून काय झालं, किती वाजता. लॉगला खातं कळतं, समोर बसलेला माणूस कळत नाही. ई-चलनाचं तसंच आहे. कॅमेऱ्याला नंबर प्लेट दिसते, प्लेटवरून मालक सापडतो, मालकाच्या मोबाइलवर मेसेज जातो. गाडी त्या वेळी कोण चालवत होतं हे विचारलं गेल्यावर सांगणं मालकावर बंधनकारक आहे, कलम १३३. पाचशे रुपयांसाठी आपल्या पोराचं नाव सांगणारा बाप मला तरी माहीत नाही. त्यामुळे संभाजीनगरच्या कॅमेऱ्यांच्या लेखी गेली पाच वर्षं विनाहेल्मेट फिरणारा माणूस म्हणजे माझे साठी ओलांडलेले वडील, जे गेटबाहेर गाडी काढतानाही हेल्मेटचा पट्टा लावतात.

बाँडनं काय काय केलं हेही मी समजून घेतलं. वकिली करणारा एक शाळामित्र इथल्या जिल्हा न्यायालयात अपघात दाव्यांची कामं बघतो. त्याला मी 'एका ओळखीच्याची केस' म्हणून विचारलं. तो हसला. म्हणाला, "असले बाँड पोत्यानं पडलेत. कोर्टात त्याला काही किंमत नसते." तेव्हाच्या दंडविधानाचं कलम २७९, बेदरकारपणे गाडी चालवणं, हे आपसात मिटवता येण्याजोग्या गुन्ह्यांत नव्हतंच. मग त्यानं दुसरी बाजू सांगितली. स्कुटीचा विमा चालू होता. त्या माणसाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता आलं असतं. तेव्हा दाव्याला मुदतीची अट नव्हती (एप्रिल २०२२पासून सहा महिन्यांची आली). तिथे दवाखान्याच्या बिलाबरोबर बुडालेला पगार, पायाचं कायमचं अधूपण, पुढची कमाई, सगळं धरतात. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर बहुतेक वेळा विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतात आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायला सांगतात.

"म्हणजे किती मिळाले असते?"

"वॉचमन, पन्नास वय, मांडीत रॉड? काही लाख तरी. त्याला किती दिले?"

"वीस हजार."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओळखीचा कोण आहे हे त्याला कळलं असावं.

इतकी वर्षं मला वाटत होतं की पप्पांनी कर्ज काढून त्या माणसाचं भलं केलं. दवाखान्याचा खर्च दिला, हे खरं. पण त्या एका सहीनं माझं वर्ष वाचलं, पप्पांची नोकरी वाचली, आणि त्याची किंमत ज्यानं दिली तो माणूस एका पायावर जोर देऊन चालतो.

*

पप्पांशी बोललो तेव्हा ते कुंडीतली माती उकरत होते. बाँड पुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, परत माती उकरायला लागले.

"हा कागद फाडायचा राहिला वाटतं," म्हणाले.

"पप्पा, तुम्ही चालवत होतो असं का लिहिलं?"

"मग काय लिहायचं होतं?"

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतंस? अकरावीत होतास." जरा थांबून म्हणाले, "चूक माझीच होती. चावी मी दिली होती. ते खोटं थोडीच आहे."

मला यावर उत्तर सुचलं नाही. पुढे ते आपणहून बोलले. दोन-तीन वर्षांनी एकदा मुकुंदवाडीच्या बाजारात त्यांना ते काका दिसले होते, काठी घेऊन. पप्पा भाजी न घेताच परत फिरले होते. घरी काय सांगितलं ते त्यांना आठवत नव्हतं.

"मग आता काय करावं म्हणतोस?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते.

पहिलं काम सोपं होतं. दोन्ही गाड्या माझ्या नावावर करायच्या. फॉर्म २९, फॉर्म ३०, विमा, पीयूसी. थकलेली चलनं भरल्याशिवाय काम पुढे सरकेना, म्हणून आम्ही दोघं शेजारी बसून ती चार भरली. प्रत्येक फोटो उघडून पप्पा बघत होते. एका फोटोवर थांबले. "इथं तर हेल्मेट आरशाला अडकवलंय," म्हणाले. "डोक्याला काय झालतं?" बाराव्या चलनाचा मेसेज माझ्या फोनवर येईल, एवढंच यातून साधलं.

दुसरं काम बाँडवरच्या पत्त्यानं केलं. मुकुंदवाडीतली ती खोली आता दुसऱ्या भाडेकरूंकडे होती. शेजारच्या मावशींना आठवत होतं. ते लोक सिल्लोडकडे गावी गेले, मुलगा शेंद्र्याला कामाला येतो. त्यांनी आपल्या मुलाला हाक मारून नंबर शोधायला लावला. तो नंबर मी आठ दिवस नुसता सेव्ह करून ठेवला होता. रविवारी सकाळी फोन लावला.

नाव सांगितलं. त्याला लागेना. "२०१३ला तुमच्या वडिलांचा अपघात झाला होता, सूतगिरणीजवळ. स्कुटी."

"हां हां. तुमचे वडील चालवत होते ना गाडी."

"नाही," मी म्हणालो. "मी चालवत होतो."

पलीकडे कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. मग तो म्हणाला, "ते माहितीये आम्हाला. अण्णा तवाच म्हणले होते, पोरगं होतं म्हणून."

"मग सही कशी केली?"

"दवाखान्याचं बिल कोण देणार होतं?" तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. "आणि अण्णा म्हणले, पोराचं शिक्षण चालू असंल."

त्यानंतर बराच वेळ मलाच बोलता येईना. त्यानं विचारलं, शिक्षण झालं का. मी हो म्हणालो. काय करता विचारलं, तेही सांगितलं. अण्णांची तब्येत विचारली. रॉड अजून आतच आहे, थंडीत पाय दुखतो, बाकी शेताच्या कडेला बसतात, शेळ्या बघतात. मी भेटायला येऊ का, काही देणं लागतो, असं काहीतरी चाचरत बोललो.

"देण्याघेण्याचं अण्णांशी बोला. मी नाही म्हणणार नाही आणि हो पण नाही म्हणणार," तो म्हणाला. "या. पण दिवसा या. तो रस्ता रात्री बरा नाही."

पुढच्या रविवारी जायचं ठरलंय. पप्पांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी दोन हेल्मेटं पुसून शू-रॅकवर ठेवली होती. कारनं जाणार आहोत, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.